दोन हात जास्तीचे

मी लघुलेखक होतो, एवढंच आधी सांगतो.
गोल्फ क्लबच्या मैदानालगत, नव्या विधानभवनात
तेरा वर्षं अध्यक्षांच्या पायाशी बसून
पेन्सिलींना टोकं काढली.
मुंबईने वेगळं राहायचं ठरवलं
आणि राजधानी कसारा घाट चढून वर आली
तेव्हा नाशकात भाड्याच्या खोल्या संपल्या.
मंत्री पंचवटीतल्या धर्मशाळांत उतरले
आणि रामकुंडावरच्या उपाध्यांनी
त्यांच्या आज्यांची नावं वहीतून वाचून
दक्षिणा आधी घेतली.

मथुरा सोपान पगारे.
राहणार देवळालीगाव. प्रेसमध्ये नोटा मोजायला.
अकरा वर्षं ओल्या स्पंजावर अंगठा,
शंभराची चळत, पुन्हा शंभराची चळत,
भोंगा झाला की झडती देऊन बाहेर
आणि घरी शेजारणीकडून पीठ उसनं.
यातलं एक वाक्य ती कधी भाषणात बोलली नाही.
मला माहीत, कारण भाषणं मीच लिहून घेतली.

दोन साखर कारखान्यांचं एका नावावर जमेना
म्हणून तिला खुर्चीवर बसवली. तात्पुरती.
तात्पुरती चौदा महिने बसली.
वैतरणा आमच्या डोंगरात उगवते, म्हणाली,
आणि मुंबईला पाण्याचं बिल पाठवलं.
तिकडून सात पानी खुलासा आला.
तिने समासात लिहिलं: आधी भरा, मग बोलू.

पुराच्या रात्री होळकर पुलावर
कलेक्टरला विचारत होती,
दुतोंड्या मारुती कुठवर बुडाला?
कमरेपर्यंत, बाई.
मग कापडपेठेतली माणसं अजून झोपलेली कशी?
तो मोजमापाची पट्टी शोधत राहिला.
ती चप्पल हातात घेऊन उतरणीला लागली होती.

बिल भारी पडलं. अविश्वास आला.
हात वर करून मतदान,
आणि अध्यक्षांनी निकाल वाचला:
एका मताने सरकार तरलं.
बाकं वाजली. मी निकाल उतरवूनही टाकला.
ती मात्र उठेना.
ओठ हलत होते, अंगठा तर्जनीवर घासत होता,
समोर चळत असावी तसा.

अध्यक्ष महाराज, मोजणी चुकली आहे.
आमच्या बाजूला दोन हात जास्तीचे.
चांदवडच्या सदस्यांनी उत्साहात दोन्ही वर केले,
आणि दाराजवळ रंगनाथ शिपाई
पाण्याचा जग उंच धरून उभा आहे,
तोही तुम्ही धरलात.

पुन्हा मोजले. एका मताने पडलं.
मी आधीची ओळ खोडली.
तिने चष्मा डबीत घातला,
डबी पिशवीत,
आणि नाशिकरोडला जाणारी बस किती वाजता
हे मलाच विचारलं.

छापील कार्यवृत्तात तिथे कंसात आहे:
सभागृहात गोंधळ.
गोंधळ झाला नव्हता.
कागद सरकल्याचाही आवाज नव्हता.
शांततेला आमच्या लिपीत खूण नाही,
म्हणून मी दीड इंच जागा कोरी सोडली.
छापखान्याला ती परवडली नाही.

पुढे मुंबई परत आली. राजधानी घाट उतरून गेली.
भवनात आता तलाठ्यांच्या परीक्षा होतात.
बाई गेल्या तेव्हा पेपरात चार ओळी,
त्यात नाव चुकलेलं.

रंगनाथ मात्र अजून भेटतो,
रविवार कारंजावर, भाजीच्या पिशवीसह.
हात थरथरतो त्याचा, पण प्रश्न तोच:
साहेब, तुम्ही तर सगळं लिहून घेत होता.
माझं मत
नेमकं किती वेळ
धरलं होतं त्यांनी?